अठ्ठाविसावा दिवस

रॉदरहॅमला कालव्याकाठच्या शेडमध्ये
पाण्याच्या टाकीत काँक्रीटचे ठोकळे निजलेले असतात.
वीस अंश. ना कमी, ना जास्त.
बाहेर नळ गोठलेले, आत यांची बडदास्त.

लोकांना वाटतं, काँक्रीट वाळून घट्ट होतं.
नाही हो, ते पाणी पिऊन घट्ट होतं,
सावकाश, कोणी बघत नसताना.

क्लाइव्ह ऑस्टविक मेणाच्या पिवळ्या खडूने
प्रत्येकाच्या अंगावर लिहितो: कुठला खांब, कुठली तारीख.
अठ्ठाविसाव्या दिवशी मी त्यांना बाहेर काढते,
पुसते, तोलते, दोन पोलादी पाटांमध्ये बसवते
आणि फोडते.

नीट फुटला तर चारही बाजू सारख्या ढळतात,
मधे उरतो डमरू.
आज सी-सातचा ठोकळा तिरपा गेला,
एका कोपऱ्यातून, फारसा आवाज न करता.
यंत्राने आकडा दिला: एकतीस.
हवे होते चाळीस.

साइटवर फोन लावला.
"त्या खांबावर दोन मजले चढलेत," पलीकडची बाई म्हणाली,
आणि मग बराच वेळ नुसती क्रेनची घरघर.

दाब कितीही द्या, काँक्रीट सोसतं.
ताण आला की उकलतं,
म्हणून त्याच्या पोटात सळ्या घालतात.
माझ्या पोटात तेव्हा फक्त सकाळचा चहा होता.

क्लाइव्हने चुरा झाडून बादलीत भरला.
"याचा जुळा आहे अजून टाकीत," तो म्हणाला,
"त्याला विचारून बघ."

मी बाही वर सारली,
कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.