गोलाईचा चौथा हिस्सा

डेपोत सागाचे ओंडके उताराला निजलेले,
टोकांवर हातोड्याचे शिक्के, खडूचे आकडे.
वाढई मोजणीदार ओंडक्याच्या पोटाला टेप गुंडाळायचे,
"गोलाई एकशे वीस. लांबी तीन मीटर."
मग गोलाईचे चार हिस्से,
त्यातल्या एकाचा वर्ग, गुणिले लांबी.
"शून्य दशांश सत्तावीस,"
आणि पुढच्या ओंडक्यावर पाय.

नववीत होते मी. त्याच आठवड्यात
किरमे बाईंनी फळ्यावर वृत्तचिती काढली :
वर-खाली दोन चपटे गोल, मधे दोन उभ्या रेघा,
शेजारी पाय, त्रिज्येचा वर्ग, उंची.
बाई म्हणाल्या, तेलाचा डबा आठवा.
मी तिला आडवी केली
आणि तिला साल फुटली.

घरी चुलीच्या उजेडात
लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित केलं.
परिघावरून त्रिज्या, त्रिज्येवरून क्षेत्रफळ.
शून्य दशांश चौतीस.
खोडलं. परत केलं.
चौतीसच.

मधले सात कुठे गेले?
सात शतांश घनमीटर म्हणजे सत्तर लिटर,
आमच्या पितळी गुंडाने पाच खेपा.
त्या मीच आणायचे रोज, हापशीवरून;
मला सात शतांश मानेत कळायचे.

सुतळीचं एक कडं केलं मग.
गोल ठेवून आत लाखोळीचे दाणे पसरले :
एकशे चोवीस.
तेच कडं चौकोनी ओढलं :
अठ्ठ्याण्णव, आणि एक अर्धा फुटका.
सुतळी बोटभरही तुटली नव्हती.

वाढईंना सांगितलं तर ते चिडले नाहीत.
तंबाखू चोळत म्हणाले,
"पोरी, आरा गोल लाकूड ठेवत नाय.
चारी बाजूच्या फाका निंगतात, साल जाते, भुसा जाते.
घेणाऱ्याच्या हाती जे येते, तेवढंच लिवतो."
"आन् उचलणाऱ्याच्या खांद्यावर?"
वाढईंनी टेप गुंडाळला,
गुंडाळलेला पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

भरणीची मजुरी घनमीटरवर होती.
बाबा, लटारूकाका, आत्रामांचे दोघे भाऊ,
खांद्याला दांडा, दांड्याला साखळी,
साखळीत झुलणारा ओंडका, गोल, अख्खा, सालीसकट.
ट्रकात चढेस्तोवर गोल.
कागदावर चौकोनी.

कुंपणाच्या कडेला जळाऊ लाकडाचे बीट रचलेले,
दोन मीटर, एक मीटर, दोन मीटर.
वाकड्या फांद्यांच्या फटीतून
सरडा या टोकाने शिरून त्या टोकाने निघायचा
आणि तरी माप पुरं भरायचं.
तिथे हवेलाही लाकूड धरत होते.

रात्री बाबाला पत्रिका दाखवली.
त्याने ती उलटी धरली, मग सुलटी,
नवरीचं नाव वाचलं, म्हणाला,
"पाचवा हिस्सा जाते, नाय का?"
मी अजून आकडा सांगितला नव्हता.
"चार लिवले का पाच उचलल्यावानी वाटते, माय.
खांद्याले माहीत हाय."
मग बोलला का नाहीस?
"खांद्याची सही चालत नाय," म्हणाला
आणि ताटातला भात कालवू लागला,
शंकूसारखा रचलेला भात,
ज्याचं घनफळ मला तेव्हा काढावंसं वाटलं नाही.

त्याच्या उजव्या खांद्यावर घट्टा होता,
लिंबाएवढा, एका अंगाला दबलेला.
पुस्तकामागची सगळी सूत्रं लावून पाहिली,
गोल, अर्धगोल, शंकू, शंकूछेद.
एकही बसेना.
बाई म्हणाल्या होत्या, आकार वाकडा असला
तर पाण्यात बुडवा; पाणी किती चढतं ते पाहा.

रविवारी बाबा बोडीत उतरला.
गुडघे, कंबर,
मग तो खांदा.
मी काठावर उकिडवी बसून
बेशरमीच्या एका पानाकडे पाहत होते
ज्याला मघापर्यंत पाणी टेकत नव्हतं.