मानेचा कोन

अंबडला, जिथे रस्त्यांना नावं नाहीत, फक्त प्लॉट नंबर,
एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही ड्रोन पाडतो.
उडवणारे वेगळे. ते गंगापूर रोडला बसतात, एसीत.
आमच्याकडे येतो तो पडायलाच.

नऊ मीटरचा लोखंडी मनोरा, दोन ताणलेल्या तारा,
खाली खुर्चीत पुतळा.
अ‍ॅल्युमिनियमच्या कवटीवर रबराची कातडी,
मानेत चकत्या, चकत्यांखाली मोजणारं यंत्र.
खोक्यावरच्या कागदात लिहिलं होतं:
पुरुष, मध्यम, अठ्ठ्याहत्तर किलो.
खैरनार त्याला पाव्हणा म्हणतो.
चहाचं मात्र कुणी विचारत नाही.

मी तीन, दोन, एक म्हणते. खैरनार खटका ओढतो.
सव्वा किलो, सेकंदाला तेरा मीटर.
आवाज नारळाचा.
दर वेळी मला वाटतं, नारळाचा,
आणि दर वेळी मी तो शब्द वहीत लिहीत नाही.

टाळूवर पडला तर मान आत दबते.
कानशिलावर पडला तर मान वळते, जरा उशिरा,
कुणी हाक मारावी
आणि ती आपल्यालाच होती हे मागून कळावं, तशी.

सहा महिन्यांत एवढं शिकले, की जे मोडतं ते दया करतं.
पंखांच्या दांड्या मोडतात, कवच चिरतं,
त्या मोडण्यात सेकंदाचे जे काही तुकडे जातात
ते कवटीला मिळतात.
बॅटरी मोडत नाही.
बॅटरी हा दगडच, फक्त रात्री चार्ज करावा लागणारा.

विल्होळीहून फरशी पुसायला येणाऱ्या ठकूबाई गांगुर्डे
एका गुरुवारी पोछा भिंतीला टेकवून म्हणाल्या,
ताई, याला ऐकू येत नाही का?
पुतळा आहे मावशी.
तेच म्हणते मी. डोक्यावर भुंगा घोंगावला
तर माणूस वर बघतो. ह्यो बघतोय भिंतीकडं.
विसर्जनाला घाटावर फिरत होतं ना ते,
आख्खी गर्दी तोंड वासून वर.
नातू माझ्या खांद्यावर. त्यानं तर हात बी वर केले.

मी चाचणीचा नमुना पुन्हा काढला. सोळा पानं.
डोकं सरळ, नजर समोर, असं पान चारवर.
आपल्याकडे मान खाली घालतात, मान डोलावतात,
मान मोडून काम करतात,
आणि कुणाला मान द्यायचा, कुणाला नाही, यावर लग्नं मोडतात.
यंत्राला यातली फक्त हाडांची मान कळते.
तीही सरळ असेल तर.

सातपूरच्या वर्कशॉपमधून पाचर करून आणली.
चार दिवस गेले, पैसे माझे.
मान मागे, तीस अंश.
तोंड छताकडे असलेला पाव्हणा
पहिल्यांदाच कुणाची तरी वाट बघताना दिसला.
खैरनारचा हात खटक्यावर थांबला.
मॅडम, हा बघतोय.
ओढ, मी म्हटलं.

आकडा इथे सांगत नाही.
तो बसेल असा रकाना फॉर्ममध्ये नाही,
म्हणून समासात लिहिला, पेन्सिलीनं, आणि तारीख घातली.
वरून उत्तर आलं: नियमात ही स्थिती नाही.
खरंय.
नियमात नातूही नाही.
ठकूबाईंची मान नाही, जी पाव्हण्याच्या मनगटाहून थोडीच जाड असेल,
आणि तिच्यामागचा अंबाडाही नाही.

घरी जाताना पाथर्डी फाट्याच्या लॉन्ससमोर ट्रॅफिक तुंबलं.
आत लग्न. अक्षता पडून गेलेल्या,
वर चार लाल दिवे स्थिर.
फोटोग्राफरनं माइक घेतला:
सगळ्यांनी वर बघा! काकू, तुम्ही पण!
आणि फेटे, गजरे, टकलं, कडेवरचं एक बाळ,
तीनशे माना एकदम मागे गेल्या,
तीस अंश, कुणाची पस्तीस.

मी गेटबाहेर, स्कूटरवर, एक पाय जमिनीला.
हेल्मेटचा बंद तपासला.
मग मीही वर बघितलं.