विषम सेकंद

डंडीत फेब्रुवारीत चारलाच दिवा लावावा लागतो.
कोट टांगायच्या कपाटात आम्ही कोट टांगत नाही.
तिथे पाच यंत्रं राहतात, एकाच्या डोक्यावर एक,
आणि हेमांगीचा कोट दाराबाहेर, खिळ्यावर,
पाहुण्यासारखा.

‘गवंडी’ हे नाव मी ठेवलं तेव्हा
तो वापरणारे तिघे होते, आणि तिघंही मीच.
आता डुलूथचा वेंडेल त्याला ‘गाँडी’ म्हणतो,
मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.
काम सोपं आहे: काय बदललं ते बघायचं,
तेवढंच पुन्हा बांधायचं,
बाकी भिंतीला हात लावायचा नाही.

आर्ब्रोथहून मोराग गेडीसने कळवलं:
भरतकामाच्या यंत्रासाठी मी नक्षी सुधारते,
तुमचा गवंडी म्हणतो, काही बदललेलं नाही,
आणि सुई पुन्हा तोच पफिन काढते, एकाक्ष.
सतरा टॉवेल झाले.

बदल एका ओळीचा.
वेळ तीच दिसली, तरी बांध.
पाची यंत्रांवर सोडली आणि चहा टाकला.

कुठेही जा, पळसाला पानं तीनच—
म्हणणाऱ्याने माझं कपाट पाहिलेलं नाही.
इथे एकाची तिरकी रेघ पुढे झुकते, एकाची मागे;
निम्मं आयुष्य त्या सव्यापसव्यात गेलं.
एकाला थोरली-धाकटी अक्षरं वेगळी, एकाला सारखीच
(देवनागरीला हा प्रश्न कधी पडलाच नाही).
एक आकडा शेंडीकडून वाचतो, एक टाचेकडून.
आणि कंपायलर म्हणजे पंगतीतले सोयरे:
एक मुकाट जेवतो,
एक घासागणिक खडा काढून दाखवतो,
तिसरा ढेकर देऊन उठतो
आणि पोट दुखत होतं हे मंगळवारी सांगतो.

पहिलं हिरवं. दुसरं हिरवं.
तिसरं कुरकुरत हिरवं. चौथंही.
पाचवं, बंद पडलेल्या छापखान्यातून उचलून आणलेलं,
थांबेचना.
बांधलेलं पाडून पुन्हा बांधत राहिलं,
पंख्याची घरघर अशी की खालच्या मिसेस ऑगिल्वीने
काठीने आमची जमीन वाजवली.

रात्री दीडला कळलं.
त्याच्या कार्डावर वेळ दोन-दोन सेकंदांनी लिहिली जाते.
बारा, चौदा, सोळा.
तेरावा सेकंद तिथे उगवतच नाही.
मोराग तेराव्यात डोळा काढते, नोंद बाराची;
भिंत बारालाच उभी राहिलेली.
आधी गवंडी म्हणायचा, मग सगळं जिथल्या तिथे.
आता माझ्या ओळीमुळे म्हणत होता,
मग सगळंच संशयास्पद.

वेंडेल म्हणाला, सोड ना ते यंत्र,
आता कोण वापरतं?
एक बाई, मी लिहिलं, आणि तिचे पक्षी.
बराच वेळ त्याचं काही आलं नाही.
तिकडे संध्याकाळचे साडेसात,
तळं गोठलेलं असणार.

मी विषम सेकंद मोजत बसलो.
हेमांगी ‘निघू या’ म्हणाली, तो त्यातलाच असावा.
मी ‘दोन मिनिटं’ म्हणालो, तो सम. त्याची नोंद आहे.

ओळ खोडली. पाच नव्या लिहिल्या.
थोडक्यात त्या असं म्हणतात:
वेळ वेगळी असेल तर वेळेवर विश्वास ठेव,
तीच असेल तर उघडून
आत काय आहे ते वाच.
हे हळू चालतं. वेंडेलने तेही नोंदवलं,
मग खाली, बऱ्याच अंतराने: चालेल.

सहाला पाचीच्या पाची हिरवी.
तिसऱ्या सोयऱ्याचं मंगळवारी बघू.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. चिठ्ठी नव्हती, टॉवेल होता.
पफिनला दोन डोळे, डावा जरा वर चढलेला.
बग आहे, हेमांगी म्हणाली.
मी म्हटलं, तो नक्षीतला आहे, माझा नाही,
आणि टॉवेल टांगायला
कपाट उघडलं.