चौदावी हिरवळ

पहाटे साडेचारला पॉली कॅल्माकॉफ
गाडीचे दिवे घालवते
आणि उरलेला उतार अंधारातच उतरते.
कुठे काय ते पाय सांगतात:
इथे वाळू, इथे दव, इथून पुढे चौदावी.

रोज एक भोक पाडायचं, कालचं बुजवायचं,
एकवीस वर्षांची नोकरी एवढीच.
सव्वाचार इंच रुंद, वीतभर खोल.
आज निघालेला मातीचा गड्डा
कालच्या खड्ड्यात बसवायचा,
टाचेनं हळूच दाबायचा, वर पाणी शिंपडायचं.
दुपारपर्यंत गवताला आठवतही नाही.

खाली कूटनीचं सरोवर धुक्यात गुडुप.
सगळ्यात जवळचं गाव पासष्ट किलोमीटरवर.
तिथली लाकडाची गिरणी बंद पडली त्या दिवशी
तिचा बाप लवकर घरी आला,
जेवणाचा डबा टेबलावर ठेवून
रशियनमध्ये एवढंच म्हणाला, झालं.
मग ज्या उतारावरची झाडं त्यानं पाडली होती
त्याच उतारावर कुणी गोल्फचं गवत अंथरलं,
आणि पेपरात छापून आलं:
माणसाचा हात न लागलेला निसर्ग.
ते वाचून बाप हसला होता.
खूप दिवसांनी.

आज अजिंक्यपदाची पहिली फेरी.
झाडीच्या कडेला तंबू, कॅमेऱ्यासाठी मचाण.
लार्च पिवळे पडू लागलेत,
सुया असूनही पानगळ पाळणारं हे एकच झाड इथलं.
खिशात समितीचा कागद:
चौदावी, पुढून एकोणीस पावलं, डावीकडून सहा.

तिनं टॉर्च लावला.
रात्री एल्क येऊन गेलेले.
एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ,
आठ मणांचं धूड,
आणि गवत इथे चटईहून बारीक कापलेलं.

ती गुडघ्यांवर बसली.
चाकूनं कडा उचलायची, मधे ओढायची, तळव्यानं थोपटायची.
सदतीस खूर मोजले, मग मोजणं सोडलं.
पूर्वेचा कडा राखाडी झाला
तेव्हा एकच उरला होता,
खोल, स्वच्छ, दोन पाकळ्यांचा.
जनावर तिथे थांबलं असणार,
मान वळवून काहीतरी ऐकलं असणार.

हा बुजणाऱ्यातला नव्हता.

पॉलीनं कागद काढला, वाचला,
पुन्हा चौघडी घालून खिशात ठेवला.
भोक पाडायचं यंत्र बरोबर खुरावर टेकवलं
आणि दोन्ही हातांनी पिळलं.
कालच्या खड्ड्यात रोपवाटिकेतला गड्डा बसवला.
खुराचा, ओल्या फडक्यात.

दुपारी शेडमध्ये ती बीटाचं सूप पीत होती.
टीव्हीवरचा माणूस कुजबुजत होता,
चौदावीवर आज फार धाडसी जागा निवडलीय,
मोठा विचार दिसतो यामागे.
कोण कुठल्या देशाचे खेळाडू
एकेक करून वाकत होते
त्या खुराच्या जागेत हात घालायला.
तिनं पाव सुपात बुडवला.

संध्याकाळी तिनं फडकं टेबलावर ठेवलं,
डबा ठेवला होता तिथेच.
बाप आता एक्याण्णव वर्षांचा,
डोळ्यांना फक्त उजेड कळतो.
त्यानं बोटं चाचपत नेली,
एक पाकळी, दुसरी पाकळी, मधली रेघ.
कितीतरी वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, मादी आहे.
घाईत नव्हती.