घर फिरलं की

पहिल्या खर्ड्यात घर जागच्या जागी होतं.
चिलोएच्या बेटावर, टेकडीच्या उताराला,
लाकडी खवल्यांच्या भिंती, एक चूल, एक विधुर.
निवृत्त शिक्षिका एदुविना नाउएलकिन
रात्री भांडी आवरून वहीत लिहायची:
पाऊस पडतो आहे. एरास्मो उदार आहे.
बोथट सुरीने तो बटाटे सोलतो आहे.
अकरा पानं तो बटाटेच सोलत होता.

मग एका मंगळवारी तिने ठरवलं,
हे घर हलवायचं.
तिकडे हलवतात तसं, अख्खंच्या अख्खं,
सगळ्या गावाने मिळून, बैलांच्या सोळा जोड्या लावून
उतारावरून थेट समुद्रात,
आणि पुढे लाँचच्या मागे तरंगत
पलीकडच्या किनाऱ्याला.
एक वाक्य खोडलं, एक लिहिलं.
तेवढ्यावर भागेल असं तिला वाटलं.

आधी पाऊसच थांबवावा लागला,
चिखलात बैल घसरले असते.
तिचा लाडका पाऊस, पान दोनवरचा,
'बायकोच्या आठवणीसारखा' वगैरे,
गेला. त्याच्या जागी
भरतीचं वेळापत्रक आलं.

मग दोर हवा. दोर आला की गाठ आली,
गाठ आली की ती मारणारे हात.
म्हणून रुपेर्तो, तो मुलगा,
जो नुसता शोभेपुरता लांबून पत्रं पाठवायचा,
त्याला रात्रीच्या बोटीने बोलावून घेतला.
त्याच्यासोबत एक जुनं भांडण उतरलं.
ते तिने लिहिलं नव्हतं.
ते त्याच्या सामानात होतं.

निवेदनाचं तर हसंच झालं.
'मी' म्हणून एरास्मो सांगत होता,
पण तो म्हणाला, मी आतच बसणार,
चूल विझू देणार नाही.
आतून त्याला ना बैल दिसेनात, ना माणसं.
मग तिने शेजारची लुस्मिरा
ओंडक्यावर उभी केली, नऊ वर्षांची, शेंबडी.
आणि नऊ वर्षांच्या पोरीला
'विषण्ण' हा शब्द येत नाही.
सात विशेषणं त्या रात्री चुलीत गेली.

खाडीच्या मध्यावर घर कललं.
दोर ताणला.
लाँच मागे ओढली गेली.
लाँचवर रुपेर्तो.

इथे एदुविना थांबली, चष्मा पुसला.
'एरास्मो उदार आहे' हे पहिल्या पानावर
अजून तसंच होतं, आहेरातल्या भांड्यासारखं,
कधीच न वापरलेलं.
दोर खिडकीच्या चौकटीला बांधलेला.
तोडला तर लेक वाचतो, घर जातं,
आणि भिंतीवरची बायकोच्या हातची
पेन्सिलीची हिशेबाची रेघ न् रेघ.
हातात सुरी. तीच, बोथट.

तोडला त्याने.
पण लगेच नाही.
ओंडक्यावरून लुस्मिराने आकडे मोजले:
बावीस.

त्या बावीस आकड्यांत
एदुविनाला तिचा माणूस पहिल्यांदा भेटला.
तिने मागे जाऊन 'उदार' खोडलं,
दुसरं काही लिहिलं नाही.

घर फिरलं की वासे फिरतात
हे आपण चिडून म्हणतो.
ती ते नुसतं पाहत होती, पहाटेपर्यंत,
एकेक वासा.

बटाटे मात्र राहिले.
शेवटच्या पानावर, वाळूत रुतलेल्या पातेल्यात,
अर्धे सोललेले,
आता खारट.