खिडकी उघडल्याबद्दल

नववी ब. पट एकोणचाळीस.
'इतिहासातील कर्तृत्ववान स्त्री', प्रकल्प, गुण वीस.
नावांच्या चिठ्ठ्या मी पावडरच्या डब्यात घातल्या
आणि कुठंतरी मोजताना चुकले:
श्रीलता म्याकलच्या हाती कोरी आली.

"बाई, हिच्यावर काहीच नाही."
वर्ग हसला. मीही हसले असेन.
म्हटलं, मग तूच शोध एखादी.
घंटा झाली होती म्हणून म्हटलं,
त्यात शिक्षणशास्त्र वगैरे काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी वह्या आल्या.
राण्या आल्या, डॉक्टरणी आल्या,
सगळ्यांचा जन्म सुसंस्कृत घराण्यात,
सगळ्या लहानपणापासूनच हुशार,
सगळ्यांच्या फोटोभोवती एकाच दुकानातली चमकी.
एकीच्या चरित्रात तर पाचव्या पानावर
दुसरीचाच नवरा वारला.

श्रीलताची वही नाही.

ती सोमवारी आली, फडक्यात काहीतरी बांधून.
अशोक चौकामागं तिच्या मामाचा कारखाना, चार माग, टॉवेलचे.
तिसऱ्या मागाचा एक पाय आखूड,
त्याखाली कित्येक वर्षं हे दडपलेलं:
बंद पडलेल्या गिरणीचं दंडाचं रजिस्टर.
मामानं तिथं वीट सरकवली आणि दिलं.
तेलाचा गोल डाग आरपार, शेवटच्या पानापर्यंत.

रिंग खातं. नंबर एक्केचाळीस.
एका पानावर नरसम्मा,
पुढं नरसव्वा,
कारकून बदलला तशी नरसाबाई.
"बाई, या तिघी का एकच?"
अंगठा बघ, म्हटलं.
"बघितला. भिंगानं. तेल आहे."

दंड दोन आणे. कारण: खिडकी उघडली.
पुढच्या महिन्यात, खिडकी उघडली.
मे महिन्यात तीनदा.
(हवा कोरडी झाली की सूत तुटतं, मामानं तिला सांगितलेलं,
म्हणून खिडक्या बंद. माणूस काय, घाम गाळतो.)
अकरा वेळा.
आडनाव नाही, गाव नाही.
मग एक महिना तिची ओळच नाही,
आणि त्याच पानाच्या समासात, वेगळ्या शाईनं:
दंडाच्या पैशांतून सुतारास दिले,
बिजागऱ्या, नग चौदा.

"म्हणजे खिडक्या उघडायला लागल्या का बाई,
का पक्क्या बंद करून टाकल्या?"

वीस वर्षं इतिहास शिकवते मी.
सनावळ्या झोपेत सांगेन.
तिला म्हटलं, माहीत नाही.
वर्गात हे वाक्य फारसं वापरलेलं नाही मी,
तोंडात नव्या कवळीसारखं लागलं.

प्रकल्प चार पानांचा. चमकी नाही.
जन्म: पुढं रेघ.
बालपण: रेघ.
शिक्षण: अंगठा.
कार्य: अकरा तारखा, एकाखाली एक, काहीही न जोडता.
'आपण काय शिकलो' याखाली अर्धं पान कोरं
आणि तळाशी, कुणाला कळलं तर इथं लिहावं.

संदर्भसूचीत एकच नोंद, तिच्या आईची.
विडी घरकुल, रात्री साडेदहा.
सुपातून मान वर न करता, तेलुगूत:
अकरा वेळा कापले?
माझ्या हजारातल्या शंभर छाटात काढतात
तेव्हा मी तोंड उघडत नाही, आणि ही खिडकी उघडते.
हिचं घरी कोण ऐकून घेत होतं,
ते विचार तुझ्या बाईंना.

तपासणीच्या तक्त्यात
जन्मतारखेला दोन गुण, छायाचित्राला तीन,
सुवाच्य अक्षराला एक.
मी पेन्सिलनं चौदा लिहिले.
खोडले.
कागद तिथं पातळ झालाय.

आज मामाचा निरोप आला:
विटेवर माग धडधडतो, टॉवेलला आडवा पट्टा पडतो,
रजिस्टर परत पाठवा.
दोन दिवस द्या, म्हटलं.
पारा बेचाळीसवर आहे,
मी पुन्हा तिचा मे वाचतेय.