रांग एकोणीस

वाचायला नव्हे, मोजायला लिहिलेली अक्षरं
माझा प्रोग्रॅम पडद्यावर ओततो:
टिंब, कंस, तारा, तुटका आकडा, पुन्हा टिंब.
सेकंदाला नऊशे वेळा
काळी खिडकी भरते, पुसते, भरते,
आणि शेवटी एकच ओळ उरते,
किती वेळ लागला.
बाकी सगळं फोलपट, पाखडून उडालेलं.

हा हिवाळा मी यातच घालवला.
क्लाक्सविकच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
माझं ऑफिस.
खाली बोटींसाठी बर्फ फुटत असतो,
वर मी मिलिसेकंद तासत असते,
सुतार दाराची कड तासतो तशी,
बसेपर्यंत,
आणि बसल्यावरही थोडी.
हान्नुस म्हणतो, "मालान, साठाच्या पुढे डोळ्याला कळत नाही."
माहीत आहे मला.
डोळ्यासाठी कोण करतंय?

चित्रांचं मागाहून जोडलं.
अक्षराच्या एका घरात दोन ठिपके,
वरचा एका रंगाचा, खालचा दुसऱ्या,
भाडेकरूंसारखे, एकमेकांशी न बोलता राहतात.
लांबून पाहिलं की मेंढी दिसते.
(चाचणीला मेंढीच घेतली. माणूस घेतला असता
तर कोणाचा घेतला, यावर गाव महिनाभर जेवलं असतं.)

मग फेब्रुवारीत सुन्वा बाळंत झाली.
बाउर ग्रीनलंडकडे, ट्रॉलरवर.
बोटीची मोठी तबकडी गोठून बंद,
चालू होती ती फक्त जुनी लाइन,
हवामानाच्या बातम्यांची,
मुंगीच्या पावलांची, अक्षरांपुरती.
सुन्वा फोनवर रडत होती की हसत होती, कळेना.
मी विचारलं, "अक्षरं जातात ना?
मग बाळ जाईल."

चोवीस रांगा. रांगेला तेरा सेकंद.
पुढचं बाउरने सांगितलेलं:
पहिल्या चार रांगा नुसती भिंत.
इंजिनवाला म्हणाला, पोरगं फार चौकोनी आहे.
सहावीत लोकरीची टोपी,
आठवीतही टोपी,
आजीने डोक्याचा अंदाज चुकवला होता.
अकरावीत कपाळ.
स्वयंपाकी चुलीवरचं सोडून आला.
चौदावीत डोळे, मिटलेले.
तिथे कोणी काही बोललं नाही,
नुसती बोट हलत होती.
सतराव्या रांगेत नाक आलं
आणि पैजा लागल्या: आईचं, आजोबांचं,
एकाने तर कप्तानाचं म्हणून शंभर क्रोनर लावले.
एकोणीसावीत वरचा ओठ.
आणि लाइन गेली.

पहाटे बाउरचा निरोप, मोजून आठ शब्द:
बाळ हिरवं दिसतं. ओठापर्यंत पोचलो. बाकी ठीक.

माझ्या आयुष्यातली सर्वांत नेमकी तक्रार.
त्यांच्या जुन्या पडद्याला सोळाच रंग,
आणि माझं गणित जवळचा रंग शोधताना
थेट शेवाळात उतरलं होतं.
सोळा रंगांत माणसाचा रंग नाहीच.
रात्री बसून पिवळा घेतला,
त्यात लाल, विरजणाएवढा.

त्या लाइनचा वेगही मोजला, सवयीने.
सेकंदाला किती चित्रं, या रकान्यात
छापून आलं: शून्य.
बराच वेळ बघत राहिले त्याच्याकडे.
मग दशांशाची दोन घरं वाढवली.

आणि एक नवा पर्याय लिहिला,
कोणी मागितला नव्हता:
कितव्या रांगेपासून.

दुपारी वारा पडला, लाइन आली.
खाली कारखान्यात बर्फ फुटत होता.
मी वीस टाइप केलं, एंटर दाबलं.
हनुवटी निघाली.